निंबाचा मोठा मॉनिटर

निंबा माझा भाडेकरू. मेहरूणच्या रस्त्याला लागून असलेली माझ्या घराची पुढची खोली त्याने घेतली, तेव्हा एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाक एवढंच त्याचं सामान होतं. मूळचा तो नशिराबादचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून जळगावच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. छापखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या बरोबरीच्या कोणी रसवंती काढली, कोणी रिक्षा घेतली. निंबा चाळिशीत कॉम्प्युटर शिकायला बसला. वर्गातली पोरं त्याला म्हणायची, "काका, माऊस उलटा धरलाय." हे तो स्वतःच सगळ्यांना हसत सांगे.

कामं बहुतेक लग्नपत्रिकांची. आमच्या खानदेशातली पत्रिका म्हणजे निव्वळ वधू-वरांची नावं आणि मुहूर्त नव्हे. निमंत्रक, व्यवस्थापक, चुलते, मामा, आतेभाऊ, गावचे मानकरी अशी सारी भावकी त्यात आली पाहिजे, आणि तीही मानाच्या क्रमाने. एखाद्याचं नाव राहिलं, की तो घरून निघतच नाही. निंबाकडे लोक पत्रिकेचा मजकूर आणून देत आणि मागोमाग एकेक जण हळूच येऊन कानाशी लागे, "भाऊ, माझ्या साडूचं नाव टाका बरं." निंबाचं उत्तर ठरलेलं असे : "जागा नाही."

हे उत्तर देताना त्याचा चेहरा असा काही कष्टी होई की समोरच्याला राग येत नसे. घरातलं माणूस नाही म्हणालं असतं तर भांडण झालं असतं. इथे कागदावरच जागा नव्हती, त्याला कोण काय करणार. पुष्कळदा यजमानच आदल्या दिवशी येऊन सांगून जात, "अमका येईल, त्याला जागा नाही म्हणा." कच्ची प्रत छापायच्या आधी निंबा उरलेल्या जागेत वेलबुट्टी, कलश, सनई-चौघडा भरून टाकी. हातात पडणारा कागद गच्च भरलेला असे. मी त्याची मुद्रितं तपासून देत असे, म्हणून ही गंमत मला माहीत. शाळेत आमच्या सिस्टरांनी शुद्धलेखनाची जी शिस्त लावली, ती अशी म्हातारपणी कामाला आली.

सत्त्याण्णव साली निंबाचे डोळे कुरकुरू लागले. चौदा इंची पडद्यावर पूर्ण पत्रिका बघायची तर अक्षरं मुंग्यांएवढी दिसत, आणि अक्षरं वाचण्याजोगी केली तर पत्रिकेचा एक कोपराच दिसे. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर वाढवला, पण दुपारनंतर डोळ्यांना पाणी येई ते येईच. मग त्याने धुळ्याच्या एका दुकानात सांगून मोठा मॉनिटर मागवला.

तो आला तेव्हा दोन हमाल लागले. खोकं दारातून आडवं जाईना, उभं करावं लागलं. शेजारच्या ताईबाई तांदूळ निवडायचे टाकून सूप हातात घेऊनच बघायला आल्या. थर्माकोल निघालं, प्लॅस्टिक निघालं आणि आतून फिकट पिवळट रंगाचं एक अवाढव्य धूड बाहेर आलं. पुढून टीव्हीसारखं, मागून नंदीच्या वशिंडासारखं. निंबाने बटण दाबलं. आतून 'ठण्ण' असा आवाज झाला, चित्र थरथरलं आणि मग पडदा असा पांढराशुभ्र उजळला की नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीची मला आठवण झाली. मी काचेजवळ हात नेला, तर मनगटावरची लव ताठ उभी राहिली.

"निंबाभाऊ, याच्यावर पिक्चर लागतं का?" ताईबाईंनी विचारलं.

"लागतं ना. पण बठ्ठा नवरा-नवरीनाच," निंबा अहिराणीत म्हणाला, सगळा नवरा-नवरीचाच.

त्याने एक जुनी पत्रिका उघडली. वरच्या गणपतीपासून खालच्या 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत ती एका नजरेत दिसली. निंबाच्या मागे उभं राहून मला प्रत्येक नाव वाचता येत होतं. निंबा चष्मा कपाळावर सरकवून बघत बसला, मग म्हणाला, "अक्का, डोळ्याला थंड वाटतंय."

एकच अडचण झाली. मॉनिटरची पाठ एवढी लांब, की पूर्वीच्या जागी ती टेबलाबाहेर पार बाकापर्यंत येऊ लागली. टेबल फिरवून पाठ भिंतीकडे करावी लागली. फिरवल्यावर पडद्याचं तोंड बाकाकडे झालं. पूर्वी गिऱ्हाइकाला मागची वायर दिसे, आता पत्रिका दिसू लागली, वेलबुट्टी भरायच्या आधीची, जशी असेल तशी.

आठवड्याभरात निंबा मला म्हणाला, "आता जागा नाही म्हणायचं म्हटलं तर पडद्याच्या आडवं उभं राहावं लागतं."

त्याच उन्हाळ्यात धरणगावकडचे पुना आबा त्यांच्या पुतणीची पत्रिका घेऊन आले. आबा मोठे शेतकरी, डोक्याला पांढरी टोपी, बोलणं मोजकं. घरातल्या दोन पिढ्यांच्या पत्रिका निंबानेच जुळवलेल्या, आधी खिळ्यांनी आणि मग कॉम्प्युटरवर. पुतणीचे वडील भिका ती लहान असतानाच गेले होते. आबांबरोबर तिची आई कमलबाई होती. तिला बाजारातून लेकीसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या, म्हणून ती आली होती. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलायची त्यांच्यात रीत नाही, त्यामुळे ती डोक्यावरचा पदर नीट करून बाकाच्या माझ्या बाजूच्या टोकाला बसली. मी मुद्रितं घेऊन तिथेच होते.

निंबाने मजकूर आधीच बसवून ठेवला होता. आबा उभ्यानेच वरून खाली वाचत गेले. 'चि. सौ. कां. उषा, कै. भिका दौलत पाटील यांची कन्या.' त्याखाली निमंत्रक म्हणून स्वतः आबा, मग त्यांचे दोन भाऊ सुकदेव आणि रुपचंद, त्यांची मुलं, मामा, गावचे सरपंच. "रुपचंदचं नाव सुकदेवच्या वर घे," आबा म्हणाले, "नाहीतर तो मांडवात पाय ठेवायचा नाही." निंबाने घेतलं.

कमलबाई पण वाचत होती. चौथी शिकलेली, ओठ हलवत एकेक अक्षर लावत होती. शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि पुन्हा वर आली. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "माय, मन्हं नाव कोठे शे?"

ती माझ्याशी बोलली होती, पण ऐकलं तिघांनीही. आबांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं, तेही माझ्याकडे बघून.

"घरी बोलणं झालंय बाई. लेक हिचीच आहे, नाही कोण म्हणतं? पण एवढी नावं. जागाच नाही. विचारा निंबाला."

निंबाचा हात माऊसवर होता. उषाच्या नावाखाली दोन बोटं रुंदीची जागा सरळ पांढरी दिसत होती. तिथे तो कलश टाकणार होता. कमलबाई उठली, पडद्यापाशी गेली आणि तिने काचेवर बोट ठेवलं.

"आठे शे ना."

मी निंबाकडे पाहिलं. आबांसारखं घराणं तुटलं तर धरणगावच्या बाजूचं अर्धं काम जाणार होतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. तो खाकरला.

"जागा आहे, आबा."

"आहे?"

"आहे. मी तिथे कलश टाकणार होतो."

"मग टाक ना कलश. तुला कोणी अडवलंय?"

निंबाने कलश टाकला नाही. माऊसवरचा हातही काढला नाही. आबा बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. आता ते समजावण्याच्या आवाजात बोलू लागले. "हे बघ निंबा, पत्रिका शुभकार्याची. गणपतीपुढे ठेवायची. आमच्या घरात कुंकू गेलेल्या बाईचं नाव आजवर घातलेलं नाही. माझ्या आईचंही नव्हतं. मी काही हिच्यावर राग धरून सांगत नाही."

त्यात खोट नव्हती. ते खरंच राग धरून बोलत नव्हते.

कमलबाई पडद्यापाशीच उभी होती, आमच्याकडे पाठ करून. बोट अजून तिथेच. ती काचेशीच बोलल्यासारखं बोलली.

"माय, त्यास्ले म्हना, मरेल मानुसनं नाव चालस, मंग जित्ता मानुसनं का नही?"

मी ते आबांना पुन्हा सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. पडद्यावर 'कै. भिका दौलत पाटील' ही ओळ सर्वांत ठळक अक्षरात होती, आबांनीच तशी करायला लावलेली. आबांनी ती वाचली. मग टोपी घालून बाहेर गेले आणि समोरच्या टपरीवर चहा सांगून उभ्याने प्यायले. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. निंबाने एकदा चष्मा पुसला.

आबा आले ते दारातूनच म्हणाले, "घे लिहून. गंगाभागीरथी कमलबाई..."

"नुसतं कमलबाई," विधवेचं ते बिरूद तोडून ती म्हणाली. जेठासमोर तिचा आवाज मी पहिल्यांदाच सरळ ऐकला. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने पदर आणखी पुढे ओढला.

आबा निंबाकडे वळले. "नुसतं कमलबाई लिही. कमलबाई भिका पाटील. आणि एवढी जागा निघतेच आहे, तर तोताराम मामांचंही घे खाली. मामी महिनाभर डोकं खातेय."

निंबाने तोताराम मामांना घेतलं, पण आधी कमलबाईचं नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावाएवढंच ठळक. आबा बघत होते. छापलेली प्रत त्यांनी खिशात घातली आणि बांगड्यांच्या दुकानाबाहेर भेटू, असं हवेत सांगून ते पुढे गेले.

कमलबाई गेली नाही. ती पुन्हा बाकावर बसली आणि निंबाला म्हणाली, "भाऊ, जरासं राहू द्या तसंच."

तेवढ्यात नशिराबादचा कोणी बिलबुकांचं काम घेऊन दारात आला. निंबाने त्याला समोरच्या टपरीकडे हात दाखवला आणि चहा पिऊन यायला सांगितलं. तो म्हणाला, "अरे पण तू तर रिकामाच बसलायस." निंबा म्हणाला, "काम चालू आहे." मग खुर्ची बाजूला सरकवून बसला, पडदा तिला पूर्ण दिसावा म्हणून.