दिवाळीच्या आतलं गणित

वारंगा फाट्यावर गाडीचं पंक्चर काढून घेत होतो, तेव्हा राठोडच्या मुलाचा फोन आला. ‘काका, दादा गेले…’ एवढंच बोलला. बापाला तो दादा म्हणायचा. दुःख तर झालंच, पण खोटं कशाला सांगू, मनात पहिल्यांदा आलं ते हे की आता माफी मागायची राहिली. नऊ वर्षं आज मागू, उद्या मागू करत होतो. म्हातारा माणूस, शहाणा म्हणवतो स्वतःला, आणि चार शब्द तोंडातून निघाले नाहीत.

गोवर्धन राठोड आणि मी एकाच जूनमध्ये सिद्धेश्वरजवळच्या आमच्या शाळेत लागलो. तो तांड्यावरचा, मी बागायतदाराच्या घरचा. तो गणिताचा, मी इतिहासाचा. कितीतरी वर्षं एकाच मोटारसायकलवर आलो-गेलो. बडबड सगळी माझी, मागून त्याचं नुसतं ‘व्हय, व्हय’. पुढे मी मुख्याध्यापक झालो आणि तो मला ‘सर’ म्हणायला लागला. मी म्हणायचो, ‘अरे, सर काय लावलंस?’ पण आतून बरं वाटायचं, हेही खरं.

आठवीपर्यंत कुणी नापास होत नसे आणि दहावीच्या निकालावर शाळेची इज्जत. म्हणून कच्चं पोरगं अडवायचं ते नववीत. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं, पण बराबर सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात तांड्यावरची लेकरं दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, ती उन्हाळा लागल्यावर परतायची. अर्धं पुस्तक त्यांनी पाहिलेलंच नसायचं. मग नववीत नापास, आणि मुलगा कायमचा उसात, मुलीचं लग्न. राठोड स्वतः असाच एकदा नववीत राहिला होता. त्याचं सगळं आयुष्य त्या एका इयत्तेभोवती फिरत होतं.

एका जूनमध्ये तो वर्षाचं नियोजन घेऊन माझ्याकडे आला. ‘सर, संच दिवाळीनंतर घेतो. बहुपदी अन् समीकरणं आधी.’

‘काहून? पुस्तकात तर संच पहिला आहे.’

‘संचावाचून दहावीत फार अडत न्हाई, समीकरणावाचून अडते. पाया दिवाळीच्या आत घालू, गिलावा मागून. लेकरं उसावर गेली तरी पाया घेऊन जातील.’

मला पटलं. ‘कर बाबा,’ म्हणालो आणि नियोजनावर सही ठोकली.

आता आमची अक्कल बघा. पहिल्या सत्राचे पेपर बाहेरून छापून येतात, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही! इतक्या वर्षांचे मास्तर आम्ही. पहिलाच प्रश्न संचावर. अख्खा वर्ग आडवा झाला, त्यात गावातल्या वजनदार लोकांची पोरं. पालक शाळेत आले. ‘तांड्यासाठी आमच्या पोरायनं काहून नापास व्हायचं?’ आठवड्याभरात चौकशीला अधिकारी आले. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी मला विचारलं, ‘हे तुमच्या परवानगीनं झालं का?’

मी म्हणालो, ‘नाही साहेब. मला कल्पना नव्हती.’

सहीचा कागद माझ्याच खणात होता. राठोड दाराजवळ उभा होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, ‘चूक माझी हाय साहेब.’ त्याला नोटीस मिळाली. दिवाळीनंतर नववी त्याच्याकडून काढून घेतली, पाचवी दिली. तो आदेशही माझ्याच सहीचा. आणि गंमत… गंमत कसली, डोंबल! त्या वर्षी उसावरून परतलेली जवळजवळ सगळी लेकरं वार्षिक परीक्षेत गणितात पास निघाली. एक मेला निकाल मीच वाचून दाखवला. पुढच्या जूनपासून पुस्तक पुन्हा संचापासून सुरू झालं आणि लेकरं पुन्हा अडकायला लागली.

त्यानं माझ्याशी अबोला धरला नाही. मी शिरड शहापूरला त्याच्या घरी जायचो, चहा व्हायचा, मी विषय काढायला जायचो आणि बोलणं सोयाबीनवर घसरायचं. शेवटच्या भेटीत तो अंथरुणावर होता. आज सांगायचंच म्हणून गेलो होतो. त्यानं विचारलं, ‘सर, गुडघे कसे हायेत?’ तासभर मी गुडघ्यांवर बोललो. शाळेतल्या शोकसभेतही ‘विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष’ असलं काहीबाही बोलून खाली बसलो. लाज वाटली, पण बसलो.

गेल्या रविवारी संध्याकाळी राठोडच्या घरी वहिनींकडे गेलो आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘त्यायनं त्याच दिशी घरी येऊन सांगलं व्हतं.’

‘म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि इतकी वर्षं मला चहा देत होतात?’

‘घरी आलेल्या मानसाला चहा तर द्याच लागते. मी लय भांडले त्यायच्याशी. म्हणलं, सायबाला खरं सांगा. तर म्हणले, सर खुर्चीवर राहिले तर कवा तरी नववी परत देतील. रिटायर व्हईपर्यंत दर जूनला वाट पाहून राहिले व्हते.’

दर जूनला तासिकांचा तक्ता मीच करत होतो. माझ्या एका सहीचं काम होतं. तो समोर आला की मला माझं खोटं आठवे, म्हणून मी त्याला नववीपासून लांब ठेवलं. रडू आलं, ते लपवलं नाही.

तेवढ्यात पडवीत तांड्यावरची पाच-सहा लेकरं येऊन बसली. भिंतीला फळ्यासाठी काळा रंग दिलेला; पाहिला होता, पण कधी विचारलं नव्हतं. मी नेहमी दुपारी यायचो, संध्याकाळी इथं काय चालतं ते मला कधी कळलंच नव्हतं. ‘नववीची हायेत,’ वहिनी म्हणाल्या. ‘दिवाळीच्या आत समीकरणं व्हायला पायजेत. ते गेले म्हनून म्या बंद न्हाई केलं.’ शिकवत होती बारावीतली एक पोरगी. मला पाहून तिनं खडू पुढे केला. ‘सर, तुमी घेता का?’

‘मला येत नाही गं,’ मी म्हणालो.

‘मंग बसा,’ ती म्हणाली. पोरं थोडी सरकली आणि मी सतरंजीवर त्यांच्यात बसलो.