नागनाथचा पुकारा

देवगाव फाट्यावर नागनाथ जीप भरून देतो. काम म्हणजे ओरडायचं. "जिंतूर, जिंतूर, चला जिंतूरऽ!" जीपचं दार मागच्या बाजूला आणि सायलेन्सरही तिथंच, त्यामुळे त्याचा दिवस धुरात जातो. जीप भरेपर्यंत कुणी इंजिन बंद करत नाही. बंद गाडी निघायची नाही असं समजून लोक चढतच नाहीत.

माझी लेक निवेदिता याच फाट्यावरून जिंतूरच्या कॉलेजला जाते. नागनाथ तिला बायकांच्या शेजारी बसवतो, म्हणून मी घरी परत येऊ शकते.

या हिवाळ्यात त्याची हाक मध्येच तुटायला लागली. पुढे नुसता खोकला. भगवानराव ड्रायव्हर म्हणायचा, "का रे नागनाथ, जिंतूर कुठं आलं ते इसरलास का?" नागनाथही हसायचा, मग वाकून छाती धरायचा.

मीच मागे लागून त्याला आणि त्याच्या बायकोला, दैवशालाला, सेलूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी बिडीचं विचारलं.

"माळ हाय गळ्यात साहेब, बिडी कुठली?"

नळीत फुंकायला लावलं तर श्वास अर्ध्यातच संपला. डॉक्टर म्हणाले, "हा गाड्यांचा धूर आहे. तिथून हला. तोवर मास्क लावा."

त्यानं मास्क लावला. हाक रस्त्यापलीकडे जाईना. पोरं म्हणाली, "मामा, तोंडात भाकर हाय का?" दुपारी मास्क खिशात गेला.

मग मी भगवानरावांना विनवलं, जीप भरेपर्यंत तरी इंजिन बंद ठेवा. बिचाऱ्यानं ठेवलंही. आत बसलेली माणसं एकेक करून उतरली आणि मागच्या धडधडणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसली.

"बघा ताई, तुमच्या म्होरंच झालं," असं म्हणून त्यानं चावी फिरवली.

संक्रांतीनंतर नागनाथला दहा पावलं चालवेना. तो घरी बसला. मला बरं वाटलं, निदान धुरातून सुटला. दुसऱ्या दिवशी निवेदिताला सोडायला गेले, तर जीपच्या मागे दैवशाला उभी. पदर कमरेला खोचलेला, आवाज खणखणीत.

"तुम्ही कशाला आलात?"

"न्हाई आले तर जागा दुसरा धरंल, ताई. हे रडायलेत घरी. म्हनतात, माझ्यापायी तू जाऊ नको. मी म्हनलं, गुमान पडा."

"मग निदान समोर उभं राहून ओरडा. मागे धूर आहे."

"समोर उभी राहिले तर पोरी कुठं बसायल्यात ते दिसंल का मला?" तिनं निवेदिताला हाताला धरून आत चढवलं.

"ती बसेल कुठंही. तुम्ही बाजूला व्हा."

माझं मन राखायला ती दोन पावलं सरकली. जीप गेली. पुढची जीप मागे घेत घेत येऊन लागली, तशी ती पुन्हा दारापाशी गेली आणि मोठा श्वास घेऊन ओरडली, "जिंतूरऽ!"