फुसाएचं पत्रक

फुसाए दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि रविवारी माझ्या बारमध्ये बसून पत्रक काढायची. बायकांवर जीव जडलेल्या बायकांसाठी, हातानं लिहिलेलं, सोळा पानी. साध्या खाकी पाकिटातून, पाठवणारीच्या नावाशिवाय ते पार उत्तर टोकाच्या होक्काइदोपर्यंत जायचं. पत्ते सुमिए चिकटवायची. दोघी सहा वर्षं एका खोलीत राहत होत्या. घरमालकाला चुलतबहिणी म्हणून सांगितलं होतं. माझा बार शिंजुकुत, निचोमेच्या गल्लीत, जिथं आमच्यासारख्यांचेच बार होते; जेमतेम दहा खुर्च्यांचा.

शहाऐंशी साली आमच्यावर कार्यक्रम करायला टीव्हीवाले आले. मी नकोच म्हणत होते.

"अगं राए," फुसाए म्हणाली, "खेड्यात एकटीच कुढणारी एखादी पोर बघेल. आपल्यासारख्या आणखी आहेत हे तरी कळेल तिला."

"आणि आपल्या घरचे बघतील त्याचं काय?"

"चेहरे झाकणार, आवाज बदलणार. लेखी दिलंय त्यांनी."

सुमिए तयार नव्हती. फुसाएनं आठवडाभर तिची मनधरणी केली. शेवटी ती कॅमेऱ्यासमोर बोलली, आणि मनापासून बोलली.

कार्यक्रमात तिचा चेहरा धूसर होता. आवाज मात्र जसाच्या तसा, तिच्या गावच्या, निगाताच्या हेलासकट. मधूनमधून निवेदक खिदळत होता.

तिसऱ्या दिवशी सुमिएची आई आणि भाऊ दारात हजर. भाऊ तिचे कपडे भरत होता. आईनं फुसाएला एवढंच विचारलं, "तुम्हाला आई नाही का हो?"

सुमिए रडली नाही. चपला घालताना म्हणाली, "मी नको म्हणत होते ना गं."

टीव्ही कंपनीनं फोनवर 'तांत्रिक चूक' म्हणून हात झटकले. माझ्या नेहमीच्या बायका ओळख फुटायच्या भीतीनं बिथरल्या, कुणी येईना. तेव्हा मीच फुसाएला म्हटलं, "थोडे दिवस इकडं फिरकू नकोस." ती बरं म्हणाली आणि उठून गेली.

दोन वर्षांनी ती निगाताला गेली. सुमिएला तिथं लोणच्यांचं दुकान असलेल्या घरात दिली होती. सासू शेजारीच बसलेली. फुसाएनं मुळ्याचं लोणचं मागितलं. सुमिएनं ते नीट कागदात बांधलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

"आणखी काही हवंय, बाईसाहेब?"

"नको," फुसाए म्हणाली.

परतल्यावर तिनं पत्त्यांची वही जाळली. 'पुढचा अंक कधी?' असं विचारणारी पत्रं वर्षभर येत राहिली. तिनं एकालाही उत्तर दिलं नाही. हे सगळं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. माझ्या दारात ती पुन्हा आली नाही, आणि मीही तिला बोलवायला गेले नाही.