पातळ धूर

हॉलंडमधल्या एका संग्रहालयात माझे वडील, आप्पा, एका जुन्या फोटोपुढे थांबले. लाटा कापत निघालेली एक लहानशी डच टॉर्पेडो बोट. या जातीच्या बोटींना नावं नव्हती, नुसता ‘झेड’ आणि पुढे आकडा. दुसऱ्या महायुद्धात देश पडला तेव्हा त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. तरी त्यांतल्या काही शत्रूच्या हाती न लागता समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचल्या. पाटीवरचं हे सगळं मी आप्पांना मराठीत सांगितलं.

आप्पांचं लक्ष मात्र धुराड्याकडे होतं.

“एवढी पळतेय, पण धूर बघ किती पातळ! कोळसा टाकणारा तयारीचा गडी आहे. नाव काय त्याचं?”

“कप्तानाचं आहे. त्याचं नाही लिहिलेलं.”

“धूरच दिसला नाही, तर तो कुणाला दिसणार?” आप्पा हसले.

साखर कारखान्याच्या बॉयलरवर जाळ घालणारा फायरमन म्हणून त्यांची हयात गेली. काळा धूर निघाला की साहेब ओरडायचे. पातळ धुराबद्दल शाबासकी कुणीच दिली नाही. समुद्रावर काळा धूर म्हणजे शत्रूला दिलेली हाकच. ती न देता कुणीतरी फावड्याने अख्खी बोट तारली होती. आमच्या घरातली पहिली पदवीही अशीच पार झाली. कागदावर नाव माझं, आच आप्पांची.

दाराशी अभिप्रायाची वही होती. मी पेन आप्पांच्या हाती दिलं. त्यांनी सावकाश, ठळक मराठीत पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे जोडलं, ‘बॉयलर फायरमन’.

पाटीवर नसेल, पण त्या इमारतीत आता एका फायरमनचं नाव आहे.