बादामी गुलदावदी

माझे सासरे शेवंतीला शेवंती म्हणत नसत, गुलदावदी म्हणत. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजामाच्या कचेरीत कारकून म्हणून लागले, पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली तेव्हा नव्यानं मराठी अक्षर वळवलं आणि तिथंच पेन्शनीत निघाले. मी वैजापूरहून लग्न होऊन औरंगाबादला त्यांच्या घरात आले, तेव्हा गच्चीवर चालायला वाट नव्हती. कुंड्याच कुंड्या. सगळ्या शेवंतीच्या.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एका साहेबांच्या बंगल्यावर कागद घेऊन जावं लागे. त्या बंगल्याच्या पायऱ्यांवर बादामी रंगाची गुलदावदी असायची. पुढं पोलीस ॲक्शन झाली, ते कुटुंब गाव सोडून गेलं, कुंड्यांचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. तसं फूल त्यांना परत कुठल्याच नर्सरीत दिसलं नाही. म्हणून पेन्शनीत आल्यावर ते स्वतः तयार करायचं त्यांनी मनावर घेतलं.

पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्या हाताखाली होते. आपली गावठी पिवळी शेवंती घ्यायची. बारीक कात्रीनं तिच्या पाकळ्या बुडाशी कातरायच्या, म्हणजे आतले तुरे उघडे पडतात. मग राणी रंगाच्या शेवंतीचा पराग ब्रशनं त्यांवर लावायचा आणि फुलावर कागदाची पिशवी बांधायची, मधमाशीनं मधेच दुसरा कुठला पराग आणू नये म्हणून. "पिवळ्यात राणी मिसळला की बादामी निघायला पाहिजे," ते म्हणत. बी धुळीसारखं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पेरलं, पावसाळ्यात रोपं कुंड्यांत लावली.

दिवाळीनंतर ती फुलली आणि मी चक्रावून गेले. एका बोंडातलं बी, पण एक रोप दुसऱ्यासारखं नाही. पांढरी, पिवळी, विटकरी, गुलाबी, काही सुतासारख्या पाकळ्यांची. मामंजी प्रत्येक फुलाशी नाक लावून बघत आणि "हे मळकट" म्हणून रोप बाजूला काढत. मला त्यातली कितीतरी आवडली होती, पण ते शिकलेले, मी नवी. बाजूला काढलेली रोपं आमचा फुलंब्रीचा दूधवाला घेऊन गेला. "बांधावर लावतो," म्हणाला. "मार्गशीर्षात लई मागणी असती फुलाला."

एके सकाळी ते एका कुंडीपाशी थांबले ते थांबलेच. मला हाक मारली.

"सूनबाई, हे बघ. हीच."

मी बघितलं. फूल सुरेख होतं, भरगच्च, पाकळ्या आत वळलेल्या. पण रंग मला फिकट जांभळा दिसला.

"ही बादामी?" मी विचारलं.

"बादामी. थेट तशीच."

आमच्या वैजापुरात रंगांना अबोली, विटकरी, मोतिया असं म्हणायचे. बादामी मी ऐकलेला होता, पण उर्दूतला बादामी हाच असेल असं मी धरून चालले. यांना विचारलं, तर हे म्हणाले, "बाबा म्हणतात तर असेल." सासूबाई वर्षानुवर्षं गच्चीवर चढलेल्या नव्हत्या. मग मीही त्याला बादामी म्हणायला लागले. पुढं पुढं तर मला त्यात थोडी तपकिरी झाक दिसतेय असंही वाटायचं.

त्याच महिन्यात नणंदेच्या साखरपुड्यासाठी साडीवर ब्लाऊजपीस घ्यायला शहागंजात गेले. साडी त्याच फुलाच्या रंगाची होती. दुकानदाराला बादामी कापड मागितलं. त्यानं खाकीकडे झुकणारं कापड पुढं टाकलं. मी म्हटलं, हे नाही, बादामी. त्यानं दुसरं टाकलं, तेही तसंच. शेवटी मी ओल्या रुमालातून नमुन्याला नेलेलं फूल काढून दाखवलं.

"ये बादामी किधर है, बाई? ये तो ऊदा है," तो म्हणाला. "बादामी बोले तो बादाम के छिलके का रंग."

बाजूच्या गिऱ्हाइकानंही मान डोलावली. ऊदा म्हणजे जांभळा. मी तसलं कापड घेऊन घरी आले. वाटेत मला काही सुचेना. बदामाची साल काय मी बघितलेली नव्हती? मग इतके दिवस मी काय बघत होते? आणि मामंजी, ज्यांना उर्दूतले रंग तोंडपाठ, ते काय बघत होते?

रात्रीच्या जेवणाआधी यांना सांगितलं. हे म्हणाले, "दिवाळीला बाबा रंगाऱ्यावर चिडले होते, आठवतंय? चुना पिवळा आणलास म्हणून." भिंती तर पांढऱ्याफेक होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता, तांबूस होऊन. डॉक्टर म्हणाले, "हे सगळं जग चहाच्या पाण्यातून बघतायत."

ऑपरेशन झालं, दुसऱ्या डोळ्याचं काही महिन्यांनी. जाड भिंगांचा चष्मा आला. तो घालून पहिल्यांदा घरात आले तेव्हा भिंतीला हात लावून बघत राहिले. माझ्या पातळाकडे बघून म्हणाले, "एवढा निळा रंग असतो?" फुलाचं मात्र त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. फुलं तेव्हा संपलेली होती. कसं सांगावं, सांगावं की नाही, हे आम्हाला कळत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात ते एकटेच गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

"तीच, मामंजी. तुम्ही निवडलेली."

ते कुंडीपाशी बसले. फूल हातात घेऊन चष्म्यातून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं. "त्या पायऱ्यांवरची अशी नव्हती," म्हणाले. "तेव्हा तर माझे डोळे चांगले होते." आणि मग हळूच, "मी मळकट म्हणून काढली, त्यात होती का गं?"

त्या आठवड्यात आम्ही एसटीनं फुलंब्रीला गेलो. दूधवाल्याच्या बांधावर शेवंतीची लांबच लांब रांग होती, सगळे रंग एकमेकांत घुसलेले. "कुठलं पायजे तुमाला?" त्यानं विचारलं. "ते आम्हालाच माहीत नाही," मामंजी म्हणाले.

खूप वेळ ते वाकून वाकून बघत होते. एका झाडापाशी थांबले. दोन पावलं मागं गेले, पुढं आले.

"सूनबाई, तू सांग. ही बादामी आहे का?"

मी बघितलं. तपकिरी होती, थोडी पिवळट, उन्हात गुलाबीही वाटत होती. मागच्या हिवाळ्यात जांभळ्याला बादामी म्हणून झालं होतं, आणि आता त्या शब्दापुढं मला कुठलाच रंग दिसेना.

"असेल," मी म्हटलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला आता सगळंच निळसर दिसतं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, सवय होईल."

त्या झाडाचं मुळाशी फुटलेलं पिल्लू आम्ही घरी आणलं. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या. पुढच्या हिवाळ्यात नवीही फुलली, तेव्हा ते रोज सकाळी दोन्हींसमोर बसायचे. नवीकडे बघून कधी म्हणत, हीच ती पायऱ्यांवरची. कधी म्हणत, नाही, तिचा देठ आखूड होता.

पुढं एका उन्हाळ्यात पाण्याची फार ओढ झाली. नळ दोन दोन दिवस यायचा नाही. सगळ्या कुंड्या जगवणं शक्य नव्हतं. कुठली ठेवू, मी विचारलं.

"ऊदी ठेव," ते म्हणाले.

"आणि फुलंब्रीची? ती बादामी असली तर?"

"असेलही."

"मग?"

"ही माझ्या हातची आहे."

"मामंजी, दोन्ही तुमच्याच हातच्या आहेत की."

त्यांनी विचार केला. "ते खरं आहे," म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी ऊदीच्या कुंडीत ओतलं.

दुसरीला मी भांडी विसळलेलं पाणी घालत राहिले, पण ती वाळली. पावसाळ्यात फुटेल म्हणून कुंडी तशीच ठेवली, फुटली नाही. तिच्याबद्दल त्यांनी परत कधी विचारलं नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, की सुटल्यासारखं झालं होतं, हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही सांगता येत नाही.