ताईचा कप्पा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण परवा पुन्हा एका पाहुण्याने आमच्या कपाटाचं कौतुक केलं आणि माझं डोकं फिरलं — त्याच्यावर नाही, माझ्यावरच.

मुलुंडचा आमचा वन बीएचके. बेडरूममध्ये भिंतभर कपाट. एका बाजूला कपडे, आणि दुसरीकडचं दार उघडलं की माझं ऑफिस — पुढे ओढायची फळी, वर मॉनिटर, बाजूला फाइली. मीटिंग संपली की दार बंद, पुन्हा कपाट. लोक फोटो काढून नेतात. काय डोकं चालवलंय, म्हणतात. डोकं? ह्याला डोकं म्हणायचं?

तिथे माझ्या मोठ्या बहिणीचा कप्पा होता. ताई लग्न होऊन सांताक्रूझला गेली तेव्हा आईने तो तिच्यासाठी राखून ठेवला — चार साड्या, गाऊन, टॉवेल, पांघरायची चादर. मुलीला माहेरी यायला बॅग भरावी लागू नये, एवढंच आईचं म्हणणं. आई गेली तरी कप्पा राहिला. ताई फोनवर मधूनच विचारायची, "माझा कप्पा आहे ना रे?" मी म्हणायचो, "आहे ना. कुठे जातोय?"

तिचा नवरा हात उचलतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून दर दिवाळीला मी त्याच्या शेजारी बसून चकल्या खायचो. लाज कशी वाटली नाही मला?

मग एका दुपारी ती आली. हातात फक्त पर्स. कळतंय ना तुम्हाला? बॅग नव्हती, कारण तिचं सगळं इथे होतं. सरळ आत गेली, दार उघडलं. समोर मॉनिटर.

मी म्हणालो, "भिंतीला ओल आली होती गं. सगळं कुजलं, टाकावं लागलं."

खोटं. ओल कसली? बायको कामावर गेलेली असताना त्या धडधाकट साड्या मी बोहारणीला दिल्या होत्या, आणि वर घासाघीस करून एक पातेलं घेतलं होतं.

ताईने फळीवरून हात फिरवला. "झकास केलंस रे," म्हणाली. चहा घेतला आणि निघाली. मी थांब म्हणालो नाही.

सगळ्यांना वाटतं, घरून काम करायचं म्हणून मी हे कपाट करून घेतलं. स्वतःलाही मी तेच ऐकवत आलो — मुंबईत जागा कुठे आहे, माणसाने करायचं काय? पण काम तर मी जेवणाच्या टेबलावर करतच होतो, आणि काही अडत नव्हतं. अडलं ते ताईच्या फोनने. "नित्या, आता नाही रे सहन होत. पुढच्या महिन्यात येते मी. कायमची." मी म्हणालो, "ये की, तुझंच घर आहे."

फोन ठेवला आणि लगेच सुताराला लावला.

ताई सांताक्रूझलाच राहते. त्याच घरात.