चौकट मधोमध आणायची होती

नॉटिंगहॅमला आल्यावर नऊ वर्षं मी नोकरी केली नाही. पुण्यात एका कंपनीत वेबसाइटची पानं तयार करायचे. इथे नवऱ्याच्या हॉस्पिटलमधल्या पाळ्या आणि मुलीची शाळा यांच्यात दिवस जायचे. पुन्हा अर्ज करायला घेतले तेव्हा कळलं, की मला येतं तसं सीएसएस आता कुणी लिहीत नाही. पानावर काय कुठे बसेल, किती जागा सुटेल, रंग कोणता, हे ब्राउझरला सांगायची ती भाषा. मी ती पहिल्यापासून शिकायला बसले.

जेवताना नवरा माझ्या वहीतून प्रश्न विचारायचा. तो डॉक्टर, उत्तर बरोबर आहे का, हे वहीत बघूनच त्याला कळायचं.

"पॅडिंग आणि मार्जिन?"

"पॅडिंग बॉर्डरच्या आतली मोकळी जागा, मार्जिन बाहेरची."

"एकाच चौकटीला क्लासच्या नावाने एक रंग सांगितला, आयडीच्या नावाने दुसरा, तर?"

"आयडीचं चालतं."

"मग येतंय की तुला सगळं," तो म्हणायचा.

बऱ्याच नकारांनंतर लंडनजवळच्या ब्रॅकनेलमधल्या एका कंपनीने बोलावलं. मुलाखत घेणारी मुलगी माझ्याहून बरीच लहान, पण वागायला फार चांगली. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "ही चौकट पानाच्या बरोबर मधोमध आणा."

हा प्रश्न वहीत होता. मी तीन ओळी लिहिल्या. चौकट डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्ये आली, पण वरच्या कडेलाच चिकटून राहिली. ओळी पुसल्या, पुन्हा त्याच लिहिल्या. चौथ्यांदाही त्याच.

"टेक युअर टाइम," ती म्हणाली. ती वैतागली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी तिनेच लॅपटॉप ओढून घेतला आणि सहज विचारलं, "गेली नऊ वर्षं काय करत होता?"

याचं उत्तर मी पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "नथिंग."

परतीच्या ट्रेनमध्ये आठवलं. बाहेरच्या चौकटीला मी उंचीच दिली नव्हती. मग आतली खाली सरकणार कुठे? एका ओळीचं काम होतं. पण त्या ओळीपेक्षा तो एक शब्द जास्त लागला. तो मला कुणी म्हणायला लावला नव्हता.

घरी आले तर मुलगी दारातच होती. "आई, तू रडला?" तिने विचारलं. एरवी मी तिला 'रडलीस का' म्हणायला लावते. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि बूट काढत बसले.

दोन दिवसांनी नकाराची मेल आली. नवरा म्हणाला, "अगं, लीड्सला बघू. तिथेही कंपन्या आहेत."

"बघू," मी म्हटलं. पण त्यानंतर मी एकही अर्ज केला नाही. त्याने एक-दोनदा विचारलं, मग त्यानेही सोडून दिलं. आता जेवताना आम्ही टीव्ही लावतो.